तरतूद आहे, जागा नाही

पुण्यात सायकलला विरोध करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या भागातून सायकल ट्रॅक जाणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मी दिसेल त्याला छेडून पाहिलं. वाणी म्हणाला, व्हायलाच हवा. डॉक्टर म्हणाले, हृदयाला उत्तम. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, आम्ही कॉलेजात असताना सायकलवरून सिंहगडाच्या पायथ्याला जात होतो. एकूण उत्साह पाहता ट्रॅक संध्याकाळपर्यंत तयार होईल असं वाटायला लागलं. मग प्रत्येकाने जाता जाता हळूच एक पुस्ती जोडली. फक्त आपल्या रस्त्यावरून नको, मागच्या रस्त्याने न्या, तिथे जागा आहे. मागच्या रस्त्यावर चौकशी केली तर तिथल्या मंडळींचाही सायकलला मनापासून पाठिंबा निघाला. जागा आमच्या रस्त्यावर आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

या शहराला सायकलचा अभिमान फार. ‘सायकलींचं शहर’ ही पदवी आपण कधीची गमावली, तरी लेटरहेडवर ती अजून छापतो. वयस्कर मंडळी महापालिकेच्या सायकल-बिल्ल्याच्या आठवणी काढतात. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा कशी सोडायचा, डबलसीट दिसली की मागच्याला कसा उतरवायचा, तासावर सायकल घेऊन दहा मिनिटं उशीर झाला तर दुकानदार काय काय बोलायचा, हे सगळं साग्रसंगीत ऐकायला मिळतं. सांगणारा बहुतेक वेळा मोटारीत चालकाच्या जागी बसलेला असतो आणि मोटारीची डावी दोन चाकं फुटपाथवर असतात.

सायकल गेली कशी, याचा शोध फार लांब घ्यावा लागत नाही. 1972 साली याच परिसरात बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना जन्माला आली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, म्हणून तिने सायकल हळूहळू मारली. लूनाने मात्र घात केला. तिला पेडलं होती. त्यामुळे ‘सायकलच घेतोय, जरा पळणारी’ असं वडिलांना सांगायची सोय झाली. तिथून जी घसरण लागली ती 2018 साली एका बातमीपाशी येऊन थांबली: पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेली. म्हणजे ससूनमध्ये काल रात्री जन्मलेल्या बाळाच्या वाट्यालाही एक वाहन आलं आणि वर काही शिल्लक राहिली. ती शिल्लक आमच्या रस्त्यावर उभी असते.

सायकलला वेगळी वाट केव्हा द्यावी, याचा नियम काल-परवाचा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने तो 1962 साली लिहून ठेवला. (ही रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची संस्था. आमच्या भागातल्या एका काकांनी ‘कुठली काँग्रेस?’ असं विचारून विषय भलतीकडे नेला होता, म्हणून सांगितलं.) तासाला 200 हून जास्त मोटारवाहनं जात असतील, तर तासाला 100 सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग करावा, असं साधारण त्याचं म्हणणं. कर्वे रस्त्यावर 200 वाहनं एका सिग्नलला सुटतात, त्यातली चाळीस सिग्नल सुटायच्या आधी. नियमाने बघायला गेलं तर पुण्यातल्या बोळांनासुद्धा सायकल ट्रॅक लागू आहे. रुंदी किती, तर दोन मीटर. दोन सायकली शेजारून जाव्यात एवढीच मागणी. हे दोन मीटर लक्षात ठेवा.

त्यासाठी पैसा नव्हता असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. 2005 च्या डिसेंबरात केंद्राने जवाहरलाल नेहरू पुनरुत्थान योजना आणली. पुण्याएवढ्या शहराला दिल्लीने निम्मे द्यायचे, राज्याने 20 टक्के आणि महापालिकेने 30 टक्के. पुढच्या वर्षी राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आलं. रस्ता वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहे, हे त्यात इतक्या शांतपणे लिहिलं आहे की लिहिणारा पुण्यात कधी आला नसावा. पैसे हवेत तर आराखड्यात सायकल हवी, हे सगळ्या शहरांच्या तत्काळ ध्यानात आलं. त्याच वर्षी कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली आणि तिच्या कॅरिअरवर बसून सायकल ट्रॅक आला.

त्या काळापासून कुठल्याही रस्त्याचा आडवा छेद दाखवणारं चित्र काढा. डावीकडे एक डेरेदार झाड, त्याखाली आईचं बोट धरून चाललेलं मूल, व्हीलचेअरवरचे आजोबा, मग हेल्मेट घातलेली, केस मोकळे सोडलेली सायकलवरची मुलगी, मग बस आणि अगदी कडेला, जागा उरली म्हणून आल्यासारखी, एक मोटार. या चित्राला आजवर कुठल्याही समितीने नाही म्हटलेलं नाही. त्या मुलीच्या जोरावर किती उड्डाणपूल मंजूर झाले असतील कोण जाणे.

मग 2017 च्या डिसेंबरात पुण्याचा खास सायकल आराखडा महापालिकेच्या मुख्य सभेने मंजूर केला. लांबी 824 किलोमीटर, खर्च 300 कोटींच्या पुढे. पुण्याहून निघाला तर माणूस नागपूरला पोचून, वर संत्री घ्यायला थोडं पुढे जाऊन येईल एवढा ट्रॅक एका शहरात. त्याच महिन्यात औंधला झूमकारच्या ‘पेडल’ सायकली भाड्याने मिळायला लागल्या. मोबाइलवर कोड दाबा, कुलूप उघडा, फिरा. पुढच्या वर्षी ओफो, मोबाइक, युलू असा परदेशी-देशी मेळाच भरला. पिवळ्या, नारिंगी, निळ्या सायकली फुटपाथवर ओळीने उभ्या. लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. काहींनी चालवल्या, काहींनी कुलुपं फोडून घरच्यासारख्या वापरल्या, काहींनी नुसतीच मोडतोड करून पाहिली. कंपन्या एकेक करून आल्या तशा गेल्या. इतकं झाल्यावर एखाद्या शहराला सायकलचं वेड नाही असं कोण म्हणेल?

तर असा हा आराखडा आमच्या भागात पोचला, तेव्हा एका सकाळी एक कनिष्ठ अभियंता, एक बिगारी आणि एक टेप अशी तिघं आली. बिगारीने टेपचं टोक कंपाउंडच्या भिंतीला लावलं, अभियंत्याने फिरकी सोडत नेली. पहिल्या तीस पावलांत विजेचा डीपी. त्यापुढे पिंपळ, पिंपळाला पार, पाराला म्हसोबा आणि म्हसोबाला लोखंडी जाळी. पुढे अमृततुल्यचं बाकडं, रिक्षा स्टँड, मंडळाच्या मांडवाचे कायमचे खड्डे, बस थांबा आणि बस थांब्याच्या आत लावलेल्या चार दुचाक्या. टेप सरकेल तसं एकेक जण बाहेर येत होता.

“साहेब, रस्ता रुंद होतोय का?”

“नाही हो, सायकल ट्रॅक.”

“हां, मग काही नाही.”

रस्तारुंदीत भिंत जाते आणि ट्रॅकमध्ये काही जात नाही, अशी समजूत होती तोवर सगळे खुशीत होते. अभियंत्याने डायरीत काय लिहिलं ते मी मागून वाचलं: ‘रुंदी उपलब्ध. पार्किंग हटवावे लागेल.’ हे शेवटचे तीन शब्द बाहेर फुटले आणि क्षेत्रीय कार्यालयात हरकती-सूचनांच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या.

मी अनेक गंभीर सभांना गेलो आहे, पण जिवावर बेतल्यासारखी इतकी माणसं बघितली नव्हती. पहिलं बोलणं अर्थातच आमच्या चेअरमनांचं.

“साहेब, ट्रॅकला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त एक सांगा, गाड्या कुठे लावायच्या?”

“काका, सोसायटीच्या नकाशात पार्किंग मंजूर आहे की.”

“आहे ना. तिथे आम्ही क्लब हाउस केलंय.”

मग कापड दुकानदार उठले. त्यांचं गिऱ्हाईक गाडी दारात लावूनच साडी घेतं. जागा मिळाली नाही तर ते लक्ष्मी रोडला जाईल. लक्ष्मी रोडला गाडी कुठे लावेल, हे त्यांना कुणी विचारलं नाही. “आणि सायकलवरून येणारं गिऱ्हाईक?” असं एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “ताई, ते फक्त भाव विचारतं.” एका ताईंनी लहान मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा काढला. ट्रॅक झाला तर मुलं सायकली चालवायला लागतील आणि मग पडतील. एका ज्येष्ठ नागरिकांनी सात पानी निवेदन आणलं होतं, त्यात पाच पानं समोरच्या इमारतीच्या गळक्या टाकीवर होती.

सायकलवाल्यांचीही बाजू मांडायला एक मित्र आले होते. सायकलची किंमत माझ्या पहिल्या मोटारीएवढी. दर रविवारी पहाटे बोपदेव घाट चढून नाश्त्याला परत. त्यांनी ट्रॅकला पाठिंबा दिला, पण “आम्ही त्यावरून जाणार नाही, पेव्हर ब्लॉकने चाक जातं,” हेही प्रांजळपणे सांगून टाकलं. त्याने चेअरमनांच्या बाजूला मोठंच बळ मिळालं.

त्या अख्ख्या सभेत सायकलवरून आलेला माणूस एकच होता. तो चहा घेऊन आला होता. किटली हँडलला, ग्लासांची जाळी कॅरिअरला. साहेबांच्या आणि चेअरमनांच्या गाडीच्या मधल्या फटीत त्याची सायकल अडकली होती, ती आडवी करून उचलून काढताना चहा सांडला आणि त्यावरून त्याला बोलणी बसली. हरकत नोंदवायचा कागद त्याच्यापर्यंत गेला नाही. सकाळी पेपर टाकणारा, दूध टाकणारा, रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, बांधकामावर जाणारा गवंडी, मागच्या कॅरिअरला डबा अडकवून धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी, ही सगळी आमच्या रस्त्यावर रोज सायकल चालवतात. ती सायकलस्वार आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांनी हेल्मेट घातलेलं नसतं.

आता पैशाचं. माझा अनुभव असा, की सायकल ट्रॅकसाठी पैसे मिळवणं हे सगळ्यात सोपं काम आहे. अंदाजपत्रकात ‘सायकल ट्रॅक विकसित करणे’ असं शीर्षक टाकलं की वर्तमानपत्रात हिरव्या रंगात बातमी येते. एप्रिलमध्ये तरतूद ताजी असते. मग पावसाळापूर्व कामं, मग पावसाळा, मग गणपती, मग दिवाळी. नोव्हेंबरात कुणीतरी पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, मागवतं. ते जिल्हा दरसूचीशी ताडून, पूर्वगणन समितीतून स्थायी समितीपर्यंत यायला जानेवारी उजाडतो. आणि मग कुणीतरी ‘वर्गीकरण’ हा जादूचा शब्द उच्चारतं. खर्च न होणाऱ्या शीर्षकातले पैसे दुसऱ्या शीर्षकात वळवायचे, इतकाच त्याचा साधा अर्थ. फेब्रुवारीत सायकल ट्रॅकचे पैसे ड्रेनेजच्या झाकणांत, काँक्रीटच्या गल्लीत किंवा कुणाच्या तरी स्वागत कमानीत रुजू होतात. सायकल चालवता येणार नाही, पण कमानीखालून जाता येईल.

वर्गीकरणातून वाचला, तर ट्रॅक मार्चअखेर होतो. मार्चअखेर झालेल्या कामाला आमच्याकडे एक खास तकाकी असते. लाल रंग, त्यावर पांढरी सायकल, कडेला बोलार्ड. आमच्या इथे तीनशे पावलांचा असा एक तुकडा झाला आणि आठवड्यात त्याचे उपयोग लोकांना सुचायला लागले. दुचाक्या घुसू नयेत म्हणून खांब इतके जवळ लावले होते की सायकलचं हँडल त्यातून जाईना. तक्रार झाली तेव्हा एक खांब काढला. त्यातून सायकल गेली, तिच्यामागून स्कूटर गेली आणि तिच्यामागून भाजीची हातगाडी आत येऊन स्थिरावली. नंतर नगरसेवकांच्या निधीतून, म्हणजे ‘स’ यादीतून, दोन बाकं आली. पाठीवर मोठ्या अक्षरांत विकासनिधीचा उल्लेख. बाकं ठेवायला सपाट, रंगवलेली जागा दुसरी कुठे मिळणार? चौकाच्या अलीकडे ट्रॅक अचानक संपतो. का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, “चौक दुसऱ्या कामात धरलाय.” म्हणजे जिथे सायकलवाल्याला खरी भीती वाटते तिथे त्याने राम म्हणायचं.

गंमत म्हणजे या सगळ्याचं औषध शहराने शोधून ठेवलं होतं. आराखडा मंजूर झाल्यावर तीनच महिन्यांनी, मार्च 2018 मध्ये, मुख्य सभेने पार्किंग धोरणही मंजूर केलं. पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून. रस्त्यावर गाडी उभी करायची तर पैसे मोजा, इतकंच. जी माणसं ट्रॅकच्या 300 कोटींना हूं की चूं करत नाहीत, ती तासाच्या भाड्याला रस्त्यावर उतरली. धोरण कागदावर राहिलं. 300 कोटी शासनाचे असतात, भाडं आपलं असतं. पुढे मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. मतांची भीती नाही, सभागृहात आरडाओरडा नाही. तेव्हाही ते दोन मीटर सापडले नाहीत.

मधल्या काळात केंद्राने सायकलसाठी शहरांची स्पर्धा लावली. 2021 साली 11 शहरांना प्रत्येकी एक कोटीचं बक्षीस जाहीर झालं. महाराष्ट्रातून नागपूर आणि पिंपरी-चिंचवड. पुण्याचं नाव नाही. पिंपरी-चिंचवडला सायकलचं बक्षीस मिळालं हे सदाशिव पेठेत मोठ्याने सांगून बघा. आमच्या कट्ट्यावर एकाने स्पर्धेच्या निकषांवर शंका घेतली, दुसऱ्याने नदीपलीकडे रस्ते रुंद असल्याकडे लक्ष वेधलं, आणि तिसऱ्याने ‘आमच्याकडे 1960 साली किती सायकली होत्या माहितीये का’ असं विचारून विषय संपवला.

मुंबई या बाबतीत निदान स्पष्टवक्ती आहे. तिथे वांद्रे-कुर्ला संकुलात ट्रॅक बांधला होता. मोटारींना जागा कमी पडते म्हणून तो काढून रस्ता मोठा करण्याचं एमएमआरडीएने 2025 साली ठरवलं. आधी बांधायचा खर्च, मग काढायचा खर्च. आपण पुण्यात काढत वगैरे नाही. पैसे वाया घालवायचा आपला स्वभाव नाही. आपण त्यावर गाडी लावतो.

आणि मग जानेवारी 2026 मध्ये ‘बजाज पुणे ग्रँड टूर’ झाली. परदेशी सायकलपटू, 437 किलोमीटरची शर्यत. ज्या घराण्याच्या चेतकने पुणेकराला सायकलवरून उतरवलं त्याच घराण्याचं नाव सायकल शर्यतीला, ही फिटंफाट मला आवडली. शर्यतीआधी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. वर्षानुवर्षं ज्या खड्ड्यांशी आपली ओळख होती ते बुजले. गुळगुळीत डांबर पडलं. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आली, जी येऊच शकत नाहीत असं तांत्रिक कारणांसह सांगितलं जात होतं. आणि शर्यतीच्या मार्गावर कडेला उभ्या गाड्या गायब झाल्या. कुठे गेल्या? मला ठाऊक नाही, पण गेल्या, आणि कुणाचा संसार मोडला नाही. आमचे चेअरमन नातवाला खांद्यावर घेऊन टाळ्या वाजवत होते. दोन मीटर सोडा, अख्खा रस्ता मोकळा होता. शर्यत संपली त्या संध्याकाळी गाड्या परत आल्या आणि आमच्या चहावाल्याची सायकल पुन्हा फटीत गेली.

आता नवे नगरसेवक आले आहेत, नवं अंदाजपत्रक येईल, त्यात ट्रॅकची तरतूद असेलच. तुमच्या भागाची हरकती-सूचनांची नोटीस निघाली तर बैठकीला जरूर जा. चित्रातल्या मोकळ्या केसांच्या मुलीकडे बघू नका, कोटींचा आकडाही विचारू नका. कडेच्या गाड्या कुठल्या तारखेपासून, कुणाच्या सहीने हलणार, एवढंच लेखी मागा. आणि जाताना चहावाल्यालाही हरकतीचा एक कागद द्या.